भंगेच्या पारखीचा इतिहास

पाणिनीच्या अष्टाध्यायीत शेतांना नावे कशी पडतात हे सांगणारी काही सूत्रे आहेत. ज्या शेतात तीळ होतात ते तिल्य किंवा तैलीन, उडीद होतात ते माष्य किंवा माषीण. याच मालिकेत जवसाच्या शेजारी भंगा बसलेली आहे; तिच्या शेताला भङ्ग्य किंवा भाङ्गीन म्हणावे असे आचार्यांनी सांगितले आहे. संस्कृत शिकवताना आम्ही हा शब्द पुष्कळ वर्षे विद्यार्थ्यांपुढे मांडत आलो, आणि तितकीच वर्षे त्याचा अर्थ 'तागाचे शेत' असा सांगत आलो. एका महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी वर्गातील एका मुलाने उभे राहून विचारले की, देवळात काल जी भांग घोटली ती तागाच्या पानांची होती काय? वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि 'झाड एकच' असे ठोकून दिले.

ते उत्तर चुकीचे होते. आमच्या शेतकऱ्याचा ताग हा पिवळ्या फुलांचा आणि शेंगांचा, म्हणजे कडधान्यांच्या कुळातला. अंबाडी भेंडीच्या कुळातली. आणि भांग या दोघींहून अगदी निराळी. तिघींच्याही सालीपासून दोर निघतो, म्हणून परदेशी व्यापाऱ्यांनी तिघींना एकाच नावाखाली घातले आणि आमच्या कोशकारांपैकी काहींनी ते नाव जसेच्या तसे उलटे मराठीत आणले. आम्ही कला शाखेचे पदवीधर, वनस्पतिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि शिक्षकाने दिलेले चुकीचे उत्तर त्याला स्वस्थ बसू देत नाही. त्या निमित्ताने जे वाचन घडले त्यातून एक निराळाच प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. पाणिनीच्या काळापासून जे झाड आमच्या शेतात आहे, ज्याच्या राळेची कीर्ती जगभर पसरली, त्या झाडाची निवड आणि सुधारणा आमच्याकडे कोणी केली, कोणत्या मापाने केली, आणि ज्या दिवशी रसायनज्ञाचा तराजू या झाडापाशी आला त्या दिवशी तो कोणाच्या हाती होता? पुढील विवेचन या प्रश्नापुरतेच आहे. व्यसनाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे अभिप्रेत नाही. ती करणारे पुष्कळ आहेत.

प्रथम झाडाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. भंगेचे नर आणि मादी ही बहुधा निरनिराळी झाडे असतात. नराच्या फुलांतून पराग वाऱ्यावर उडतो आणि दूरवर जातो. मादीला तो लागला की तिला बी धरते. न लागला तर तिचे तुरे बियांवाचून वाढत राहतात आणि राळेने चिकट होतात. हे बियांवाचूनचे तुरे म्हणजे गांजा. पाने ती भांग, आणि नुसती राळ ती चरस. म्हणजे एकाच झाडाचे तीन पदार्थ, आणि सरकारदरबारी तीन कर. दोर काढायचा असेल तर मात्र नर अधिक उपयोगी, कारण त्याचा रेशा मऊ आणि बारीक. युरोपातील शेतकऱ्यांनी येथे एक गमतीची चूक करून ठेवली होती. लहान चणीचे, लवकर सुकणारे झाड ते मादी असणार, अशा समजुतीने त्यांनी परागाच्या झाडाला मादीचे नाव दिले आणि बीजधारिणीला नराचे. इंग्लंड आणि जर्मनी दोन्हीकडे हा उलटा व्यवहार शतकानुशतके चालला. वनस्पतींनाही लिंगभेद असतो हे प्रयोगाने दाखविणारा ट्यूबिंगेनचा पंडित कामेरारियस याने १६९४ मध्ये जे पत्र प्रसिद्ध केले त्यात भंगेचेही प्रयोग आहेत. त्याने मादीची रोपे नरांपासून दूर नेऊन लावली, आणि तरीही काहींना बी धरले. आपल्या सिद्धांताला बाधक अशी ही गोष्ट त्याने प्रांजळपणे लिहून ठेवली. हे बी कोठून आले याचा उलगडा आज सोपा वाटतो: मादीच्या झाडावर क्वचित एखादे नरपुष्प उगवते. पुढील विवेचनात या एका नरपुष्पाचे महत्त्व फार आहे, म्हणून ते येथे नमूद केले.

युरोपातील पंडित ज्या कोड्याशी झगडत होता, त्याच कोड्यावर आमच्या देशात एका माणसाचा चरितार्थ चालत असे. बंगालात, राजशाही जिल्ह्यातील नौगावच्या परिसरात गांजाचे मोठे पीक होई. तेथे 'पोद्दार' किंवा 'परखदार' नावाचा कसबी असे. इंग्रज अधिकारी त्याला गांजाचा डॉक्टर म्हणत. रोपे वाढीस लागली की तो शेताच्या ओळींमधून हिंडे, प्रत्येक रोपाच्या पेरापाशी उमलू पाहणाऱ्या कळीकडे पाही, आणि जे रोप नर वाटेल ते मोडून पुढे जाई. मागून शेतकरी मोडलेली रोपे उपटून टाकी. काही दिवसांनी फेरी पुन्हा होई, कारण पहिल्या नजरेतून काही निसटलेले असत. एक नर राहिला तरी आसपासच्या माद्यांना बी धरणार आणि गांजाचा भाव उतरणार. म्हणजे पराग सुटण्यापूर्वीच, कळी मिटलेली असताना निर्णय करावा लागे. यासाठी भिंग नव्हते, पुस्तक नव्हते. होता तो डोळा, आणि पिढ्यांची सवय. मध्य प्रांतात खांडव्याचा गांजा प्रसिद्ध होता. आमच्या दख्खनेत हे पीक अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या बाजूस होई. तेथेही नर उपटण्याचे तत्त्व हेच.

या परखदाराची थोरवी आम्ही कमी लेखू इच्छीत नाही. परंतु त्याच्या कलेचा एक परिणाम त्याच्याही ध्यानी आला नसावा. तो पिकाची निवड करीत होता, वंशाची नव्हे. शेतातील सर्व नर काढल्यावर पुढच्या वर्षाचे बी कोठून यायचे? तुरे तुडवताना, चोळताना जे थोडे बी झडून पडे तेच पुन्हा पेरले जाई. आता हे बी कोणाचे? एक तर जो नर परखदाराच्या नजरेतून निसटला त्याचे, किंवा मादीवरच चुकून उमललेल्या नरपुष्पाचे. म्हणजे उत्तम मादी राखली जाई खरी, परंतु तिच्या संततीचा पिता कोण हे दैवाधीन राही. किंबहुना, आमच्या मते, येथे दैवाहूनही अधिक काही होते. दरवर्षी परखदाराला फसवण्यात जे रोप यशस्वी झाले तेच पुढच्या पिढीचे जनक झाले. शेकडो वर्षे असे चालले असेल, तर त्या शेतात उशिरा ओळखू येणारे नर आणि दुहेरी फुले धरणाऱ्या माद्या वाढत जाणार. हा आमचा तर्क आहे. शास्त्रज्ञांनी तो तपासावा. पण राळेच्या गुणासाठी पित्याची निवड झालीच नाही, एवढे तर निर्विवाद दिसते. होणार तरी कशी? नराच्या अंगी राळ अल्प. त्याच्या वंशात राळेचा गुण आहे की नाही हे डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. येथे डोळा संपतो आणि प्रयोगशाळेची गरज सुरू होते.

प्रयोगशाळा आली ती १८९३ मध्ये. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात लंडनच्या कॉमन्स सभेत बंगालातील गांजाबद्दल प्रश्न विचारला गेला आणि जुलैत हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते: ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग अहलुवालिया आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. मुंबई इलाख्यातून गेलेले सभासद होते एच. टी. ओमॅनी. हे पंचमहालचे कलेक्टर, म्हणजे आमच्या बडोद्याच्या शेजारच्या गोध्र्याचे. आयोग देशभर फिरला, १,१९३ साक्षी झाल्या आणि ऑगस्ट १८९४ मध्ये अहवाल सादर झाला. तो अनेक खंडांचा आहे आणि अशा चौकशीचा नमुना म्हणून आजही वाखाणला जातो. मित सेवनाने विशेष अपाय होत नाही, सरसकट बंदी नको. परवाना, कर आणि लागवडीचे केंद्रीकरण यांनी नियमन करावे, असा त्याचा निष्कर्ष होता. परकीय राज्यकर्त्यांनी आमच्या रयतेच्या तोंडून इतके ऐकून घेतल्याची उदाहरणे थोडी आहेत, हे मान्य केले पाहिजे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या आयोगातील महत्त्वाचे नाव निराळे आहे. सभासदांत सर्जन-मेजर वॉर्डन होते. हे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील रसायनाचे प्राध्यापक आणि सरकारचे रासायनिक परीक्षक. त्यांनी मुंबईचे डायमॉक आणि मद्रासचे डेव्हिड हूपर यांच्याबरोबर 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा हिंदी औषधी द्रव्यांचा ग्रंथ नुकताच पुरा केला होता. डायमॉक मुंबईत सरकारी औषध-भांडाराचे प्रमुख होते. १८९२ मध्ये ते वारले. राहिलेल्या दोघांपैकी एक आयोगात बसला, आणि दुसऱ्याकडे, म्हणजे हूपरकडे, गांजा, भांग व चरस यांचे नमुने पृथक्करणासाठी गेले. त्याखेरीज कलकत्त्यात मांजरांवर आणि माकडांवरही प्रयोग झाले. चिलीम न ओढताच गांजाचा धूर सोसण्याची पाळी त्या माकडांवर आली, याचे वर्णन अहवालात गंभीरपणे केलेले आहे.

हूपरच्या हाती जे नमुने आले ते प्रांतांचे होते. अमुक प्रांताचा गांजा, अमुक प्रांताची भांग. कोणत्या प्रांताच्या मालात राळ किती, हा प्रश्न. झाडाचा नमुना कोणी पाठवला नव्हता, कारण झाडाबद्दल कोणी विचारलेच नव्हते. सरकारला पाहिजे होते ते हे की, कोणत्या मालावर कर किती बसवावा आणि कोणता माल अधिक घातक धरावा. शिवाय राळेतील नेमके कार्यकारी द्रव्य कोणते हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते; म्हणून राळेचे वजन हाच तराजू. मापाच्या दृष्टीने तो ओबडधोबड होता. पण ओबडधोबड तराजूनेसुद्धा दोन झाडांत फरक करता येतो, आणि निवडीला तेवढे पुरते.

ही गोष्ट हूपरइतकी दुसऱ्या कोणालाच ठाऊक असण्याचा संभव नव्हता, आणि या इतिहासातील खरी विसंगती येथेच आहे, असे आम्हांस वाटते. हूपर यांचे सरकारी पद होते 'क्विनॉलॉजिस्ट'. उटकमंडच्या डोंगरात सिंकोनाची लागवड होती. तिच्या सालीत क्विनीन किती हे मोजून बागाइतदारांना सांगणे हे या पदाचे काम. १८६६ मध्ये ब्रॉटन नावाच्या रसायनज्ञासाठी ते निर्माण झाले. सिंकोनाची झाडे दिसायला सारखी, पण एकाच्या सालीत क्विनीन नाममात्र आणि शेजारच्या झाडात भरपूर. डोळ्याने काही कळत नाही. म्हणून सालीचा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत तपासायचा, आणि जे झाड सरस निघेल त्याचेच बी आणि कलमे वाढवायची. जावा बेटात डच लोकांनी हेच काम अधिक नेटाने केले. लेजर नावाच्या व्यापाऱ्याने १८६५ मध्ये बोलिव्हियातून आणवलेले बी इंग्रजांनी नाकारले आणि डचांनी थोडे विकत घेतले. झाडे वाढल्यावर त्यांच्या रसायनज्ञांनी झाडन् झाड तपासले, हलकी काढून टाकली, सरस राखली. दहा टक्क्यांहून अधिक क्विनीन देणारी झाडे त्यांच्या हाती आली. पुढे जगाच्या क्विनीनचा बहुतांश व्यापार जावाकडे गेला, त्याचे मूळ या तपासणीत आहे. ज्या रसायनज्ञाच्या पदाचा सारा अर्थ झाडांची निवड हाच होता, त्याच्याच टेबलावर १८९३ मध्ये गांजा आला; परंतु सिंकोनाच्या वेळी विचारलेला प्रश्न गांजाच्या वेळी विचारला गेला नाही. हूपरला दोष देण्याचे कारण नाही. नोकराने धन्याने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यायचे असते.

त्याच सुमारास बडोद्यात काय चालले होते, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी येथे कलाभवन स्थापन केले. गज्जर हे रसायनाचे प्राध्यापक. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर युरोपीय तज्ज्ञांनाही निघेना, ते यांनी काढून दाखवले, ही हकीकत जुन्या बडोदेकरांना ठाऊक असते. कलाभवनात रंगाऱ्याचा मुलगा येई आणि रंगाचे रसायन शिकून आपल्या हौदाकडे परत जाई. रसायन हे सरकारी परीक्षकाच्या खोलीत कोंडून न ठेवता कारागिराच्या हाती द्यावे, ही दृष्टी आयोगाच्या तीन वर्षे आधी आमच्या गावात होती. शेतीच्या बाबतीत ती दृष्टी फळाला येण्यास मात्र आणखी तीस-पस्तीस वर्षे लागली, आणि ती भंगेच्या नव्हे, कापसाच्या शेतात फळाला आली.

बडोदे आणि भडोच यांच्या दरम्यानची कानमची काळी जमीन ही कापसाची. तेथे एक जुना तंटा होता. शेतकरी आणि जिनवाला पाहणार तो रुईचा उतारा: मणभर कापसातून रुई किती निघते. गिरणीवाला पाहणार ती तंतूची लांबी आणि बळ. घोघारी नावाच्या वाणाचा उतारा मोठा, पण तंतू आखूड. शेतकऱ्याला घोघारीच लाभाचा वाटे, आणि ती चांगल्या वाणात मिसळून सुरत-भडोचच्या कापसाची पत घालवी. येथेही डोळ्याचा आणि बोटांचा एक परखदार होताच. दलाल चिमूटभर रुई अंगठ्यात धरून ओढी आणि तंतूचा अंदाज सांगे. तो अंदाज बहुधा बरोबर असे. पण सुरतेच्या शेतकी केंद्रावर बसलेल्या पैदासकाराला शेकडो झाडांतून एक निवडायचे असे, आणि दोन उत्तम झाडांपैकी अधिक उत्तम कोणते हे दलालाचा अंगठा सांगू शकत नव्हता.

१९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिने मुंबईस माटुंग्याला प्रयोगशाळा उघडली. टर्नर हे तिचे पहिले संचालक. या प्रयोगशाळेचे वैशिष्ट्य असे की, ती व्यापाऱ्यासाठी जितकी होती तितकीच पैदासकारासाठी होती. सुरत, धारवाड, नागपूर अशा ठिकाणांहून नव्या वाणांचे नमुने तेथे येत. तंतूची लांबी, बारीकपणा, बळ मोजले जाई. एवढ्यावर न थांबता त्याचे प्रत्यक्ष सूत कातले जाई आणि ते किती आकड्यापर्यंत नीट निघते हे कळवले जाई. सुताचा आकडा म्हणजे पौंडभर सुतात ८४० वारांच्या लडी किती, याची संख्या. आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. हा निकाल हाती आला की पैदासकार ठरवी, कोणता वाण पुढे न्यायचा आणि कोणता सोडायचा. सुरतेचा '१०२७ ए. एल. एफ.' हा वाण दक्षिण गुजरातेत आणि पुढे 'विजय' हा भडोच-बडोद्याकडे पसरला तो याच काळात. आमच्या लहानपणी कर्जन-मियागामकडचे वडीलधारे शेतकरी 'विजय' हे नाव घरच्या बैलाचे नाव घ्यावे तसे घेत. त्यांनी माटुंगा कधी पाहिले नव्हते. पण त्यांच्या शेतातील बियाणे माटुंग्याच्या चातीवरून उतरलेले होते.

भंगेच्या झाडाला असा तराजू मिळाला तो जर्मनीत, आणि तोही राळेसाठी नव्हे, रेशासाठी. पहिल्या महायुद्धात बाहेरचा कापूस आणि ताग बंद झाला तेव्हा जर्मनांना घरच्या भंगेची आठवण झाली. गुस्ताव ब्रेडेमान या शास्त्रज्ञाने तिच्या वाणसुधारणेचे काम हाती घेतले आणि तो सरळ त्याच अडचणीवर येऊन आदळला जिथे आमचा परखदार थांबला होता: पिता कसा निवडायचा? सालीत रेशा किती हे पाहायचे तर झाड कापावे लागते, आणि कापलेला नर पराग देत नाही. ब्रेडेमानने काढलेली तोड अत्यंत साधी आहे. फुलोऱ्यापूर्वी नराचे खोड उभे चिरायचे. एक अर्धा भाग काढून प्रयोगशाळेत न्यायचा आणि रेशा मोजायचा, दुसरा अर्धा शेतात जिवंत ठेवायचा. मोजणीचा निकाल फुले उमलण्याच्या आत यायला हवा. ज्यांचे माप उत्तम तेवढेच नर राखायचे, बाकीचे उपटायचे. मग राखलेल्या मोजक्या नरांचा पराग साऱ्या शेतावर पडतो, आणि माद्यांची निवड कापणीनंतर सावकाश करता येते. तीस वर्षांच्या आसपास हे चालले आणि रेशाचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. नौगावचा परखदार आणि हॅम्बुर्गचा प्राध्यापक दोघेही एकाच हंगामात, एकाच घाईने नर उपटत होते; फरक एवढाच की दुसऱ्याने काही नर राखले, आणि कोणते राखावे हे त्याला मापाने ठाऊक होते.

राळेच्या रसायनाची कथा आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातील बारकावे आमच्या आवाक्याबाहेरचे आहेत. १८९६ मध्ये केंब्रिजच्या तीन रसायनज्ञांनी हिंदुस्थानी चरसातून एक द्रव्य वेगळे केले. कार्यकारी द्रव्य सापडले असे काही काळ वाटले, पण ते खरे नव्हते. औषध म्हणून भंगेचा अर्क ब्रिटिश औषधकोशात होता, तो १९३२ मध्ये गेला. जाण्याचे एक मोठे कारण हेच की, एका बाटलीने रुग्ण गुंगून जाई आणि दुसरीने काहीच होत नसे. अमेरिकेत तर अर्क कुत्र्याला पाजून, तो कितपत झुलतो यावरून त्याची ताकद ठरवीत. ज्या झाडाचे बी अज्ञात पित्याचे, त्याचा अर्क एकसारखा कोठून येणार? शेवटी १९६४ मध्ये इस्रायलात गाओनी आणि मेशुलाम यांनी नशा आणणारे द्रव्य निखळ वेगळे करून त्याची रचना मांडली. संक्षेपाने त्याला टी. एच. सी. म्हणतात. नशा न आणणारे त्याचे भावंड सी. बी. डी. हेही याच काळात नीट कळले. मेशुलामने कामासाठी वापरलेला हशीश पोलिसांनी जप्त केलेल्या मालातला होता. तेथेही नमुना शेतातून नव्हे, कोठारातूनच आला.

यानंतर मात्र तराजू बारीक झाला. पानाचा लहानसा तुकडा घेऊन दोन्ही द्रव्यांचे प्रमाण काढता येऊ लागले, आणि रोप कोवळे असतानाच ते कोणत्या जातीचे हे सांगता येऊ लागले. २००३ मध्ये द मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, झाड टी. एच. सी. करणार की सी. बी. डी., हे मुख्यतः अनुवंशाच्या एकाच ठिकाणावर ठरते. दोन्हीकडून भिन्न वारसा आला तर दोन्ही द्रव्ये होतात. म्हणजे नराचाही वंश आता पानावरून वाचता येतो. अशा निवडीतून घडवलेल्या झाडांपासून एका ब्रिटिश कंपनीने लहान मुलांच्या अपस्माराच्या दोन कठीण प्रकारांवर सी. बी. डी.चे औषध तयार केले, आणि २०१८ मध्ये अमेरिकन सरकारने ते मान्य केले. दिवसातून अनेक वेळा झटके येणाऱ्या मुलाच्या घरी या गोष्टीची किंमत काय आहे, हे आम्हांस एका विद्यार्थ्याच्या घरामुळे जवळून ठाऊक आहे. म्हणून हे झाड म्हणजे केवळ चिलीम असे समजणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

आमच्या देशात १९८५ च्या कायद्याने गांजाची व्याख्या केली ती फुलांच्या आणि फळांच्या तुऱ्यांपुरती. नुसती पाने आणि बी तिच्याबाहेर राहिली. रेशा आणि बी यांसाठी लागवडीस परवानगी देण्याची मोकळीक त्याच कायद्यात आहे. पुष्कळ वर्षे ती कागदावर पडून राहिली. २०१८ मध्ये उत्तराखंडात पहिला परवाना निघाला. अट अशी की, पिकात टी. एच. सी. ०.३ टक्क्यांहून अधिक असू नये. हा आकडा जगभर फिरतो आणि त्याचे मूळ थोड्यांनाच ठाऊक आहे. १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी भंगेचे वर्गीकरण करताना दोन गटांमध्ये कोठेतरी रेघ ओढायची म्हणून ती ०.३ वर ओढली. वर्गीकरणाच्या सोयीसाठी ओढलेली ती रेघ पुढे कायदेकर्त्यांनी उचलली आणि ती शेतकऱ्याच्या बांधावर येऊन बसली.

हिमालयाच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या जी भंगा आहे, जिच्या बियांची चटणी होते आणि सालीचे दोर होतात, तिचे देशी बी या रेघेच्या आत बहुधा राहत नाही. तराजू पुन्हा एकदा शेताशी आला आहे. यावेळी त्याचे काटे सूक्ष्म आहेत आणि तो झाडन् झाड मोजू शकतो. परंतु त्याने मोजून जे कळते ते आज मुख्यतः इतकेच, की पीक ठेवायचे की नष्ट करायचे. देशी बियांतील कोणती झाडे कमी टी. एच. सी.ची आहेत, त्यांतले नर कोणते, ते राखून चार-सहा पिढ्यांत आपले स्वतःचे वाण घडेल काय, हे माटुंग्याला विचारण्यासारखे प्रश्न आहेत. आमच्या सरकारी संशोधनसंस्थांत, विशेषतः जम्मूच्या संस्थेत, या झाडावर काम सुरू आहे. ते काम पंचमहालच्या कलेक्टरच्या प्रश्नाचे उत्तर शोधते की कानमच्या शेतकऱ्याच्या, हे तेथील मंडळींनी ठरवावे.

वर्गात ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याला आम्ही पुढच्या आठवड्यात बोलावून घेतले आणि ताग, अंबाडी व भांग ही तीन निरनिराळी झाडे आहेत हे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, मग पाणिनीच्या शेतात काय पेरले होते? आम्ही म्हटले, भंगाच. आता आम्ही तो शब्द फळ्यावर लिहितो तेव्हा त्याच्यापुढे 'ताग' लिहीत नाही.